आधी जाऊन समुद्र बघून ये

“समुद्र काय पळून चाललाय का? लगीन झालं की नवऱ्यासंगं जाईल आन् बघंल.”

हे माझ्याबद्दल चाललं होतं, माझ्याशी नव्हे. मी स्वयंपाकघरात चहाचे कप विसळत होते आणि बोलणारे तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, भिंतीपलीकडे हॉलमध्ये होते. फ्लॅटच्या भिंती आमच्या राहू गावातल्या घरासारख्या जाड नसतात, हे तात्यांना माहीत नव्हतं. (माहीत असतं तरी ते हेच बोलले असते, फक्त जरा मोठ्यानं.)

झालं होतं असं, की तात्यांच्या मुलानं, म्हणजे राहुलदादानं, नवी मुंबईत फ्लॅट घेतला होता आणि त्याच्या वास्तुशांतीला आम्ही चौदा माणसं एका क्रूझर जीपमध्ये बसून आलो होतो. ‘बसून’ हा शब्द सगळ्यांना लागू नाही. मी दादासाठी आणलेल्या कांद्याच्या पोत्यावर होते. शनिवारी पूजा झाली, पंगती उठल्या, प्रत्येकानं गॅलरीत उभं राहून खाली वाकून बघितलं आणि प्रत्येकानं ‘लई उंच हाय’ असं सांगितलं. रविवारी सकाळी परत निघायचं होतं. तेवढ्यात दादा दात घासता घासता सहज म्हणाला, “इथवर आलाच आहात तर अलिबागच्या अंगानं समुद्र बघून जा की. तिकडून खोपोलीवरनं पुण्याला लागता येतं.”

एवढं बोलून तो चूळ भरायला गेला आणि मागे हॉलमध्ये ग्रामसभा भरली.

“पानीच बघायचं तर आपल्याकडं भीमा हाय की,” काकू म्हणाल्या.

“भीमा हाय, मुळा-मुठा हाय, उजनी हाय,” तात्या म्हणाले. “आन् कॅनॉल तर दारातनं जातोय. पान्यासाठी मानूस एवढं ल्हांब जातं का?”

“वाळूनं साड्या खराब व्हत्यात,” माझी आई म्हणाली. तिचा समुद्राला विरोध नव्हता, फक्त वास्तुशांतीत मिळालेली नवी साडी तिनं अंगावर चढवलेली होती.

“खाऱ्या हवेनं पत्रा गंजतो,” सोपानदादा म्हणाले. क्रूझर त्यांची, आमच्या शेजारच्या खुटबाव गावची, आणि चालवणारेही तेच. हप्ते अजून फिटायचे होते, त्यामुळे ते हवेकडेसुद्धा संशयानं बघत.

आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “तेजूला बघायचा असंल. तिनं बघितला न्हाई अजून.” त्यावर तात्यांचं ते वाक्य आलं.

आता माझी बाजू सांगते. (तेव्हा सांगितली नाही, म्हणून तर हे सगळं लिहायची वेळ आली.) माझं नाव तेजस्विनी. नाव ठेवताना घरच्यांचा अंदाज चुकला. मी दौंडच्या इंग्लिश मीडियम शाळेत शिकले. तिथल्या पुस्तकांत दर चार पानांनी एखादं गोरंगोमटं मूल बादली आणि फावडं घेऊन समुद्रकिनाऱ्यावर बसलेलं असायचं. माझ्या घरी बादली होती, फावडं होतं, दारात वाळूचा ढीगसुद्धा होता. एकच वस्तू कमी होती. शाळेची सहल एकदा कोकणात निघाली तेव्हा मला गोवर आला. पुढं मी शिरूरला खोली घेऊन राहू लागले आणि रांजणगावच्या एका कंपनीच्या ऑफिसात लागले. तिथं सगळी कामं ईमेलवर चालतात, म्हणून ती नोकरी मला मानवली. पण तिथूनही समुद्र जवळ आला नाही.

राहता राहिला नवरा. घरात स्थळं बघणं चालू होतं आणि स्थळं येत होती ती फलटण, माळशिरस आणि बारामतीची. यातल्या कुठल्याही गावाला समुद्र लागून नाही. मागच्या महिन्यात एकजण बघून गेला. त्यानं विचारलं, “आवड कशाची?” मी मान खाली घालून म्हणाले, “फिरायला जायची.” तो खूश झाला. म्हणाला, “मग तर चांगलंच. आम्ही दरवर्षी जेजुरीला जातो.”

या माणसाबरोबर मी समुद्र बघायचा होता!

त्या क्षणी, कप विसळता विसळता, माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली. समुद्र मी लग्नाच्या आधी बघणार, माझा माझा बघणार, आणि आजच बघणार. मी चहाचा ट्रे घेऊन ताठ मानेनं हॉलमध्ये गेले. तात्यांपुढे कप ठेवताना मी तो असा आपटला की थोडा चहा बशीत सांडला. तात्यांना चहा बशीतूनच प्यायची सवय असल्यामुळे त्यांना तो माझा चांगुलपणा वाटला. माझं बंड तिथं संपलं.

“आबा, तुम्हीच सांगा,” तात्या बशी उचलत म्हणाले. “एवढी वर्सं कोकणात मेंढरं घेऊन जात व्हता. काय असतं त्या समुद्रात?”

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते दरवर्षी दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचे. कोकणाबद्दल आमच्या घरात तेच हायकोर्ट. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. आबांनी चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, “म्या न्हाई बघितला.”

तात्यांनी बशी खाली ठेवली.

“पेणच्या म्होरं आम्ही जातच नव्हतो. पुढं समदं खारं. खारं पानी मेंढराच्या काय कामाचं?” ते थांबले. खिडकीतून समोरच्या टॉवरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पर आता मेंढरं कुठं हायती?”

आबा उठले, टोपी घातली. “चला. पर आधी एकजण जाऊन बघून यील. मग बाकीच्यांनी जायाचं.”

हे ‘बघून येणं’ जरा समजावून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा अनर्थ त्यातून झाला. आमची मेंढरं होती तेव्हा वर्षातले कितीतरी महिने सगळं घरच चालत असायचं. पुढचा मुक्काम टाकायच्या आधी एक माणूस एकटा पुढं जायचा, रान बघायचा आणि परत येऊन सांगायचा. पाणी कसं आहे, सावली आहे का, काटा किती, जमिनीचा मालक कोण. त्यानं फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सांगायचं. ऐकलेलं सांगायचं नाही, अंदाज सांगायचा नाही. आणि त्यानं सांगितल्यावर कुणी शंका काढायची नाही. अख्खा कळप त्या एका माणसाच्या शब्दावर उठायचा.

आता मेंढरं गेली, ऊस आला, दारात ट्रॅक्टर उभा राहिला, पण ही पद्धत काही गेली नाही. मंगल कार्यालय ठरवायचं असो की कुणाला दवाखान्यात न्यायचं असो, आधी एकजण बघून येतो. बारावीनंतर माझं कॉलेज तात्या बघून आले. अंगणात उभं राहून त्यांनी सांगितलं, “पानी ग्वाड हाय. लिंबाची सावली हाय. येष्टी दारात थांबती.” एवढ्यावर माझं ॲडमिशन झालं. कॉलेज कॉमर्सचं आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

तर आम्ही निघालो. वाटेत काकूंनी तीनदा ‘आजून किती ऱ्हायलं’ विचारलं आणि तात्यांनी तीनदा ‘नवी मुंबईच बरी व्हती’ असं उत्तर दिलं. दुपारच्या उन्हात, अलिबागच्या अलीकडच्या एका गावात, रस्ता अरुंद होत होत सुरूच्या झाडांपाशी येऊन संपला. झाडांपलीकडे वाळूची उंच रांग होती. तिच्यापलीकडे समुद्र असणार हे उघड होतं. ती रांग चढायला लहान मुलाला जेवढा वेळ लागेल तेवढंच अंतर.

“थांबीव,” आबा म्हणाले.

गाडी थांबली. सगळे उतरले आणि सुरूच्या सावलीत बसले. एवढा रस्ता तुडवून आलेल्या चौदा माणसांपैकी एकानंही उभं राहून टाचा उंच केल्या नाहीत. अजून कुणी बघून आलं नव्हतं ना.

“तात्या, जा,” आबा म्हणाले.

“माझा गुडघा दुखतोय,” तात्यांनी पाय लांब केले. “जिला हौस हाय तिलाच धाडा.”

आमच्या घराण्यात रान बघायला बाई कधी गेलेली नाही. तात्यांनी ते टोमण्यानं म्हटलं होतं. पण आबांनी माझ्याकडे नीट बघितलं, जसं ते बाजारात कोकराकडे बघायचे, आणि म्हणाले, “जा तेजू. नीट बघ. आन् बघितलं तेवढंच सांग.”

मी निघाले. मागे बघितलं नाही. चप्पल हातात घेतली, वाळूची रांग चढले आणि वर जाऊन डोळे मिटले. मनात ठरवलेलंच होतं, की एकदम उघडायचे. तीनपर्यंत मोजून उघडले.

समुद्र नव्हता.

खोटं सांगत नाही. समोर नुसतं सपाट, ओलसर, करडं रान. नजर जाईल तिथवर. उसाचं रान मोकळं केल्यावर पाणी सोडलं की कसं दिसतं, तसं. त्यात चार-सहा होड्या कुशीवर पडलेल्या, जणू म्हशी. पार लांब, आभाळ टेकतं तिथं, चमकणारी एक रेघ होती. ती समुद्राची असू शकत होती, उन्हाचीही असू शकत होती. त्या पुस्तकांतल्या एकाही पोरानं मला हे सांगितलेलं नव्हतं.

मी मोबाईल काढला. भरती-ओहोटीची वेळ बघितली. मी अगदी ओहोटीच्या मुहूर्तावर पोहोचले होते. दुपार कलली की पाणी परत येणार होतं. म्हणजे काही बिघडलं नव्हतं, फक्त थांबायला हवं होतं. मी रान जमेल तेवढं नीट बघितलं, पायानं वाळू दाबून बघितली आणि परत आले.

सगळे वर्तुळात बसले होते. मी मध्ये उभी राहिले. माझ्या ऑफिसच्या प्रेझेंटेशनला मी आजारी पडते. इथं तेवढीही सवलत नव्हती.

“पानी?” आबांनी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले.

“न्हाई म्हंजी?”

“समुद्र आत गेलाय.”

“कुठं आत?”

“लांब.”

मग काकू तात्यांकडे वळल्या. “सकाळी तुमीच म्हणला व्हता ना, समुद्र काय पळून चाललाय का म्हणून?”

सगळे हसले. सोपानदादा तर गुडघ्यांत डोकं घालून हसले. तात्या हसले नाहीत. आबाही नाहीत.

“काटा?”

“नाही. शिंपले आहेत.”

“सावली?”

“अजिबात नाही.”

“मालक कोण?”

“सरकार असेल.”

“आसंल न्हाई. दिसला का कुणी?”

“नाही दिसला.” मग मी धीर करून जोडलं, “पण आबा, मोबाईलमध्ये दिलंय, दुपारनंतर पाणी परत येतं. इथपर्यंत.”

“तू येताना बघितलंस?”

“नाही. मोबाईलमध्ये—”

“मग ते ऱ्हाऊ दे. डोळ्यानं बघितलं तेवढंच.”

चौदाजणांचा कळप माझ्या शब्दावर उठणार होता, आणि त्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द नियमात बसत नव्हता.

“ताई, रान कसं हाय?” सोपानदादांनी विचारलं. “गाडी वळवायला हितं जागाच न्हाई बघा.”

“सपाट आहे. घट्ट आहे.” आणि नियमाला धरून आणखी एक खरी गोष्ट मी सांगितली, “मोठ्या टायरच्या खुणा आहेत. खोल आतपर्यंत.”

“झालं तर मग,” सोपानदादा म्हणाले.

एका कडेला वाळूची रांग फोडून उताराची वाट केलेली होती. सगळ्यांना घेऊन क्रूझर त्या वाटेनं खाली उतरली आणि त्या सपाट रानात जी सुटली, ती मधोमध जाऊन थांबली. सोपानदादांनी तिथं ऐटीत एक वळण घेऊन गाडीचं तोंड गावाकडे केलं. (चांगला ड्रायव्हर गाडी परतीच्या तोंडानंच उभी करतो, असं ते नेहमी सांगतात. हे लक्षात ठेवा.) आई म्हणाली, आलोच आहोत तर इथंच जेवू. गाडीच्या सावलीत सतरंजी पडली. वास्तुशांतीच्या उरलेल्या पुऱ्या निघाल्या, बटाट्याची भाजी निघाली, ठेचा निघाला.

“समुद्र म्हणत्यात तो ह्यो,” तात्या पुरीचा घास घेत म्हणाले. “आपलं मुरमाड माळरान काय वाईट हाय?”

“वारा ग्वाड हाय पर,” आबा म्हणाले.

जेवण झालं आणि सगळे जिथल्या तिथं आडवे झाले. उन्हाच्या वेळी कळप बसतो आणि माणसंही बसतात, ही सवय मेंढरांबरोबर गेलेली नाही. मी एकटी जागी होते. गाडीला टेकून त्या रेघेकडे बघत होते. ती आता रेघ राहिली नव्हती. पट्टी झाली होती.

आता मी डोळ्यांनी बघत होते. आता नियमानं सांगता येत होतं. मी आईपाशी गेले. “आई, पाणी जवळ आलंय.”

“पी मग,” आई डोळे न उघडता म्हणाली.

मी आबांकडे गेले. आबा झोपलेले असताना त्यांना उठवायची आमच्या घरात रीत नाही. सत्तर वर्षं कुणी उठवलेलं नाही, ते आपले आपण उठतात. मी त्यांच्या डोक्याशी उभी राहून खाकरले. पुन्हा खाकरले. आमच्या घरात खाकरण्याला कुणी बातमी मानत नाही. तात्या कूस बदलून म्हणाले, “ठेच्यानं घसा धरलाय पोरीचा.”

मी सोपानदादांकडे वळणार, तेवढ्यात काकू दचकून उठून बसल्या. त्यांनी साडीचा ओला काठ हातात धरला आणि सगळ्यांकडे रागानं बघत विचारलं, “पानी कुनी सांडलं गं?”

पाणी समोरून आलंच नव्हतं. मी आपली समोर बघत बसले होते आणि ते कडेच्या एका सखल चरातून, मुकाट्यानं, आमच्या मागून आलं होतं. काकूंची एक चप्पल गावाच्या दिशेनं निघालेली होती.

मग जे झालं त्याला पळापळ म्हणतात. सतरंजी गोळा झाली ती ठेच्यासकट. आई साडी वर धरून ‘नवी हाय, नवी हाय’ असं समुद्राला सांगत होती. आबांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सोपानदादांनी चावी फिरवली. गाडी घरघरली आणि मागची दोन्ही चाकं जिथल्या तिथं फिरत खाली गेली. विहीर खणायला घेतल्यासारखी.

“उतरा. ढकला,” सोपानदादा म्हणाले.

आम्ही मागे गेलो. तात्या (गुडघ्यासकट), आई, काकू, मी, सगळे. गाडीच्या मागच्या दाराला खांदे लावले.

“घट्ट हाय म्हणं रान,” तात्या माझ्या कानापाशी धापा टाकत म्हणाले. “सपाट हाय म्हणं.”

मी ढकलत होते. पाणी घोट्याला आलं, मग पोटरीला. पाठीमागं काहीतरी मोठं, लयीत, श्वास घेतल्यासारखं वाजत होतं. दर थोड्या वेळानं ते पुढं येऊन माझ्या गुडघ्यांना मागून ढकलायचं, जणू तेही आमच्यातलंच एक माणूस. चोवीस वर्षं मी ज्याची वाट बघितली तो दोन हातांवर होता. आणि माझ्या डोळ्यांसमोर, नाकाला टेकून, क्रूझरचं मागचं दार होतं. त्यावर रंगवलेलं होतं, ‘आईचा आशीर्वाद’.

एकदा मी मान वळवायला गेले. “म्होरं बघ,” तात्या ओरडले. “जोर लाव.”

तेवढ्यात वाळूच्या रांगेवर एक बाई येऊन उभी राहिली. तिथलीच, डोक्यावर रिकामी पाटी. तिनं आमच्याकडे बघितलं, आश्चर्य वगैरे काही न दाखवता मागे वळून कुणाला तरी हाक मारली आणि थोड्या वेळानं त्या उताराच्या वाटेनं एक ट्रॅक्टर खाली आला. त्याचे टायर बघितले आणि मला पाण्यात उभ्या उभ्या घाम फुटला. वाळूतल्या त्या खुणा याच्याच होत्या.

“दर आयतवारी येक तरी गारी रुततेच,” बाई खाली येत म्हणाली. “तुमाला पानी दिसला नाय काय?”

“तवा पानी नव्हतं,” आबा पुढच्या सीटवरून ताठ बसून म्हणाले. “आमच्या पोरीनं सोता बघून सांगितलं व्हतं.”

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी दाराकडे बघितलं.

दोर बांधला गेला. ट्रॅक्टरनं हिसका दिला आणि क्रूझर चिखलातून दात काढल्यासारखी बाहेर आली. माझ्या एका हातात काकूंची पिशवी, दुसऱ्या हातात पुऱ्यांचा डबा आणि डोक्यावर ओली सतरंजी असा संसार देण्यात आला. सतरंजीमुळे मान कुठंच वळत नव्हती. आम्ही गाडीमागून, एका रांगेत, पावलाकडे बघत उतार चढून वर गेलो आणि सुरूच्या झाडांपाशी पोहोचलो.

सगळे भिजलेले, सगळ्यांच्या अंगाला वाळू. काकूंच्या पायात एकच चप्पल. तात्यांनी शर्ट पिळला आणि फर्मान काढलं. “आता जो समुद्राचं नाव काढंल त्याला मी गाडीत घेणार न्हाई. चला, बसा. रांजनगावच्या मॅडमनी रान बघितलं आन् कळप बुडवला.”

“ए तात्या,” आबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. “बघून आलेल्या मानसाला बोलायचं न्हाई. तिनं बघितलं तेच सांगितलं. पान्याचं सांगत व्हती ती. म्याच म्हणलो ऱ्हाऊ दे.”

हे माझ्या बाजूनं बोललेलं पहिलं वाक्य होतं, आणि ते ऐकून मला शहाण्यासारखं गाडीत बसता आलं असतं. एकेकजण बसायलाही लागला होता. आई चढली, काकू चढल्या, कांद्याच्या पोत्याच्या रिकाम्या जागी माझ्यासाठी ओली सतरंजी घालण्यात आली. सोपानदादा बोनेटपाशी उभे राहून फडक्यानं पत्रा पुसत होते. वाळूच्या रांगेपलीकडून तो आवाज चालूच होता. आता चांगला भरलेला, रुंद.

तात्या दारात पाय ठेवून थांबले. काही झालं तरी शेवटचा शब्द त्यांचा असावा लागतो.

“काय मॅडम,” ते म्हणाले, “झालं का मनासारखं? भागली का हौस?”

गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी अशा वेळी मी मान हलवते. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे ज्यानं त्यानं आपापल्या सोयीनं ठरवायचं असतं. त्या दिवशी मान हलली नाही. मी डबा खाली ठेवला, पिशवी त्याच्यावर ठेवली आणि सोपानदादांपुढे हात केला.

“सोपानदादा, चावी द्या.”

का कुणास ठाऊक, त्यांनी दिली.

“आता चावी कशापायी?” तात्यांनी विचारलं.

“मी येईपर्यंत गाडी हलायची नाही म्हणून,” मी म्हणाले. “पाणी आलं तेव्हा सगळा वेळ माझी त्याच्याकडे पाठ होती. मी अजून समुद्र बघितलेलाच नाही.”